ओमाची बिडाची शेगडी आणि धुराडेकाकांची सही

आमच्या शेगडीला पेटवण्याची लेखी परवानगी मिळाली जानेवारी 2025 मध्ये. कामाला हात घातला होता फेब्रुवारी 2024 मध्ये. मधल्या काळात प्रत्यक्ष लोखंडावर झालेलं काम तसं थोडंच. बाकी वेळ गेला तो कागद, तारखा, प्रयोगशाळेचा अहवाल आणि कोल्हापूरहून येणाऱ्या एका बॅगेची वाट बघण्यात. जर्मनीत जुनं घर घेतलेल्या किंवा सासरी जुनी शेगडी असलेल्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे. एकच गोष्ट वाचणार असाल तर ही वाचा: एकही बोल्ट सोडवायच्या आधी धुराडं तपासणाऱ्या माणसाला बोलवा.

शेगडी नवऱ्याच्या आजीची, म्हणजे ओमाची. कमरेइतकी उंच, चार वाकड्या पायांवर उभी, दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर ओकच्या पानांची नक्षी, पुढच्या दारात अभ्रकाच्या छोट्या खिडक्या. आम्ही राहतो तो हेसेन राज्यातला लान-डिल भाग लोखंडाच्या खाणी आणि ओतकामासाठी जुना प्रसिद्ध. बुडेरुस कंपनी इथलीच, 1731 सालची. या भागातली शेवटची लोखंडाची खाण, फोर्टुना, 1983 मध्ये बंद झाली आणि आता तिथे पर्यटकांना आत घेऊन जातात. आमच्या शेगडीच्या मागच्या पत्र्यावर मात्र कारखान्याचं नाव झिजलेलं आहे, फक्त एक आकडा वाचता येतो.

ओमा 2019 मध्ये गेल्या. आम्ही 2023 च्या शरदात त्या घरात राहायला आलो, तोपर्यंत शेगडी तशीच उभी होती. घरात गॅसचं हीटिंग आहे, त्यामुळे अडलं काहीच नव्हतं. पण 2022 च्या हिवाळ्यात इथे गॅसची जी बिलं आली, त्यानंतर लाकडाची शेगडी नुसती शोभेला ठेवणं सासूबाईंना पटेना. आणि मला बीड, म्हणजे ओतीव लोखंड, बघितलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि मग शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने (पॅटर्न) बनवायचे. आमच्या घरात जेवताना ब्लो होल (ओतलेल्या लोखंडात राहिलेली पोकळी) आणि कोअर (साच्याच्या आत ठेवायचा गाभा) यावर बोलणं चालायचं.

जर्मनीत प्रत्येक भागासाठी एक अधिकृत शॉर्नश्टाइनफेगर, म्हणजे धुराडी झाडणारा-तपासणारा माणूस, नेमलेला असतो. नेमणूक सात वर्षांची. धुराडं झाडायचं काम 2013 पासून तुम्ही दुसऱ्या कुठल्याही पात्र माणसाकडून करून घेऊ शकता, पण घरातल्या सगळ्या शेगड्या-बॉयलरची पाहणी आणि त्यावरचा आदेश हे सरकारी काम याच माणसाचं. आमच्या घरात त्यांचं नाव पडलं धुराडेकाका. काळा पोशाख, सोनेरी बटणं, बोलणं अगदी मोजकं.

फेब्रुवारीत त्यांची वेळ मिळायलाच पाच आठवडे लागले, कारण 2024 हे मुदतीचं वर्ष होतं. 1995 पासून मार्च 2010 पर्यंतच्या शेगड्यांनी धूळ आणि कार्बन मोनॉक्साईडच्या नव्या मर्यादा पाळायच्या, नाहीतर 31 डिसेंबर 2024 नंतर बंद व्हायचं, असा नियम. सगळा गाव त्यांना फोन करत होता.

आता आमच्यासारख्या म्हाताऱ्या शेगडीचं काय? इथे कायद्याची गंमत आहे. 1 जानेवारी 1950 च्या आधी बनवलेली किंवा बसवलेली शेगडी या मर्यादांतून सुटते, पण ते मालकानं सिद्ध करायचं. सिद्ध करता आलं नाही आणि शेगडीवर तारखेची पट्टीही नसेल, तर ती 1974 पर्यंतच्या गटात धरतात, आणि त्या गटाची मुदत 31 डिसेंबर 2014 लाच संपलेली. म्हणजे तीच शेगडी, तेच लोखंड. पुरावा असला तर वारसा, नसला तर भंगार. मोजणी करून धूर मर्यादेत आहे असं दाखवायचा मार्ग उरतो, पण नव्वद वर्षांच्या शेगडीच्या बाबतीत त्याच्यावर भिस्त ठेवू नका असं काका म्हणाले.

त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. शेगडी मूळ जागेवरच आहे का? आहे. मध्ये कधी कुणी ती 'कायमची बंद' म्हणून नोंदवली आहे का? त्यांनी स्वतःच्या नोंदी बघितल्या. ओमांनी कधीच तसं कळवलं नव्हतं, धुराड्याला जोडलेली नळीही काढली नव्हती. या दोन उत्तरांमुळे आमचं निम्मं काम हलकं झालं. जुनं घर ताब्यात घेताना उत्साहाच्या भरात 'आम्हाला शेगडी नको' असा कागद सही करून देऊ नका, आणि जागा बदलायची असेल तर आधी विचारा. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको.

पुरावा सापडला सासूबाईंच्या फोटोंच्या पेटीत. ख्रिसमसचं झाड, शेजारी खुर्चीवर ओमाची आई, मांडीवर बाळ, आणि मागे अर्धी शेगडी. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं. नवऱ्याला त्यातलं अक्षर लागेना, कारण ती जर्मन शाळांत 1941 पर्यंत शिकवली जाणारी जुनी लिपी. आपल्याकडे आजोबांची मोडीतली कागदपत्रं समोर ठेवल्यावर आपलं जे होतं तेच त्याचं झालं. सासूबाईंनी आईच्या पत्रांमुळे ती शिकून घेतलेली. त्यांनी वाचलं: 'नाताळ 1937'. एप्रिलमध्ये काका पुन्हा आले तेव्हा त्यांनी फोटो भिंगाखाली धरला, ओकची पानं ताडून बघितली, भिंतीतला कोनाडा बघितला आणि प्रत मागून घेतली. मला वाटलं होतं की कुठलातरी अर्ज, शिक्का वगैरे लागेल. लागला नाही. "पुरतं एवढं," म्हणाले. या दोन भेटींचे मिळून 96 युरो झाले.

त्याच भेटीत त्यांनी दाराच्या कडेची करडी-पांढरी विणलेली दोरी बघितली आणि हात मागे घेतला. "ही नंतर कधीतरी घातलेली आहे. ॲस्बेस्टॉस असू शकतं. घासू नका, खेचू नका." त्याचे बारीक धागे श्वासातून आत जाणं धोक्याचं, म्हणून जर्मनीत 1993 मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी आली. त्याआधी बदललेली दोरी असेल तर संशय धरायचाच.

नमुना कसा घ्यायचा हे प्रयोगशाळेनं लिहून कळवलं: पाण्यात थेंबभर साबण घालून दोरी ओली करायची, नखाएवढा तुकडा कापायचा, दोन पिशव्यांत बंद करायचा, कापलेल्या जागी चिकटपट्टी लावायची. तपासणीचे 45 युरो, अहवाल दहा दिवसांत. क्रिसोटाईल निघालं, म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस. दोरी काढायला परवानाधारक माणूस आला, पांढरा अंगरखा, मुखवटा, खास व्हॅक्यूम. तासाभराचं काम, 260 युरो. हा खर्च मला सगळ्यात जास्त टोचला आणि सगळ्यात कमी खटकलासुद्धा. मी वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय एवढं? भट्टीपाशी आमचे हातमोजे त्याचेच असायचे की." मी पुढे काही बोलले नाही. आमच्या गावाकडच्या गोठ्यावर अजूनही त्याच धाग्याचे सिमेंटचे पत्रे आहेत.

मे महिन्यात शेगडी खोलली. अशा शेगड्या म्हणजे बिडाचे सुटे पत्रे. खाचांत एकमेकांत बसवलेले, फटी लांबीनं (उष्णता सोसणाऱ्या पुट्टीनं) भरलेल्या आणि आतून लांब बोल्टांनी आवळलेल्या. बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. गंज सोडवायचं तेल मारून आठवडाभर सोडून दिलं, रोज थोडं थोडं. तरी दोन कापावेच लागले. ते मूळचेच ठेवण्याचा हट्ट धरू नका, बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पण जोर लावताना पत्र्याचा कान तुटला तर तो मिळत नाही. प्रत्येक तुकड्यावर आतून खडूनं आकडा आणि वर-खालीची खूण करा, आणि खोलताना दर टप्प्याला फोटो काढा.

लाकडं ज्यावर जळतात ती बिडाची जाळी तर आधीच दोन तुकड्यांत होती. जाळी अशी तुटते ती बहुतेक वेळा राखेमुळे. खालचा ट्रे भरून राख जाळीला टेकली की खालून येणारी गार हवा बंद होते, आणि मग जाळी लाल होऊन वाकते, तडकते.

पत्रे वरून धड दिसत होते. पप्पांनी मात्र ऐकल्याशिवाय मान्य करायचं नाकारलं. म्हणाले, एकेक पत्रा दोरीनं टांग आणि लाकडी हातोडीनं वाजव. गॅरेजच्या तुळईला पत्रे टांगले, फोन स्टुलावर ठेवला.

"व्हिडिओ नको, नुसता आवाज दे."

तळाचा पत्रा, वरचा, मागचा, डावा: टण्ण. लांबपर्यंत घुमणारा आवाज. पुढचा, दाराचा पत्रा वाजवला तर ठप्प.

"थांब. परत वाजीव."

ठप्प.

"ह्यात चीर हाय बघ."

"दिसत नाही हो पप्पा कुठं."

"दिसत नसती ती. रॉकेल लाव, कोरडं पुसून घे, वर खडूची पूड मार. आणि जा, चहा पिऊन ये."

इथे रॉकेल नाही, दिव्यात घालायचं तेल मिळतं, ते चाललं. चहा पिऊन आले तर पांढऱ्या खडूवर बिजागरीच्या कानापासून खाली उतरलेली बोटभर लांब, केसाएवढी ओली काळी रेघ उमटली होती. चिरेत शिरलेलं तेल खडूनं बाहेर ओढून घेतलं होतं. हे मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलं असेल. स्वतःच्या हातानं केलेलं पहिल्यांदाच बघितलं.

बिडाचं वेल्डिंग हा नाजूक मामला आहे. थंड पत्र्यावर घाईनं टाका मारला की शेजारी दुसरी चीर जाते. शेजारच्या गावात जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनांची कामं करणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी चिरेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग पत्रा हळूहळू तापवला, निकेलच्या रॉडनं छोटे छोटे टाके घातले, प्रत्येक टाक्यावर हलकी हातोडी मारत गेले, आणि शेवटी सगळा पत्रा गरम राखेत पुरून दुसऱ्या दिवशीपर्यंत तसाच ठेवला. 140 युरो. कान आगीपासून लांब होता म्हणून हे चाललं. आगीला भिडणारा पत्रा असता तर मी नवीन ओतून घेतला असता.

जाळी नवीन ओतायचीच होती. इथे एका ठिकाणी विचारलं, एकट्या जाळीसाठी साचा बनवायला ते तयार नव्हते, आणि त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. मग मी दोन तुकडे जोडून मिलिमीटर कागदावर रेखाटले, जाडी कॅलिपरनं मोजली, फोटो काढले आणि कोल्हापूरला धाडले. पप्पांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच रंधा बाहेर काढला. बीड गार होताना साधारण शंभरात एक भाग आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. त्यासाठीची वेगळी पट्टी त्यांच्याकडे होतीच. शिवाय जाळी तापल्यावर वाढते. अडीचशे मिलिमीटरची जाळी सहाशे अंशांपर्यंत तापली तर दीड मिलिमीटरच्या वर वाढते. तिला बसायच्या जागेत सगळीकडून मोकळीक हवी, नाहीतर ती स्वतःच्याच जोरानं तडकते. पप्पांनी विचारलेला एकमेव प्रश्न तोच होता: "बसायची जागा किती, ते सांग. जाळी राहू दे." ओळखीच्या फाउंड्रीत दुसऱ्या कामाच्या ओतीबरोबर दोन जाळ्या ओतून मिळाल्या, एक वापरायला, एक राखीव. लाकूड आणि ओतकाम धरून दीड हजार रुपये.

आई डिसेंबरमध्ये येणारच होती. जाळ्या तिच्या बॅगेत आल्या, साड्यांत गुंडाळून, दोन्ही मिळून सात किलो. मुंबईला बॅग उघडायला लावली. आईनं सांगितलं, "लेकीच्या चुलीची जाळी आहे." सोडली. युरोपियन युनियनच्या बाहेरून विमानानं येणाऱ्याला 430 युरोपर्यंतच्या वस्तू बिनशुल्क आणता येतात, त्यामुळे फ्रँकफुर्टला प्रश्न नव्हता. तरी बिलाचा कागद वरच ठेवला होता.

उन्हाळ्यात बाकीचं लोखंड साफ केलं. वाळूच्या फवाऱ्यानं तासाभरात झालं असतं, पण सासूबाईंना ओकच्या पानांच्या शिरा बोथट व्हायला नको होत्या. म्हणून तारेचा ब्रश, ड्रिलला लावायची चकती, कोपऱ्यांत जुना दाताचा ब्रश. मास्क लावा, काम बाहेर करा. उघडं पडलेलं बीड इथल्या दमट हवेत रात्रीतून तांबूस होतं, तेव्हा जेवढं त्या दिवशी पॉलिश करून होईल तेवढंच घासा. पॉलिश म्हणजे ग्रॅफाईटचं काळं मलम, डबी 12 युरोला. फडक्यानं लावायचं, सुकलं की बुटाच्या ब्रशनं चमकवायचं. आई म्हणाली होती तव्यासारखं तेल पाजून घे. तव्याला ठीक, पण शेगडीच्या बाहेरून तेल पाजलं तर पहिल्या दहा आगींत खोलीभर त्याचाच धूर होतो.

अभ्रकाच्या खिडक्या काजळून तपकिरी झालेल्या, पापुद्रे सुटलेले. नवीन पत्रे 28 युरो. पाकिटावर 'भारतीय अभ्रक' असं छापलेलं. कोडरमाचं नाव शाळेत भूगोलात पाठ केलं होतं. साध्या कात्रीनं कापलं जातं. आतल्या विटा, दाराची नवी काचतंतूची दोरी, फटी भरायची लांबी आणि नवी धुराची नळी यांचे मिळून 210 युरो.

सगळ्यात अनपेक्षित आडकाठी आली ती स्वयंपाकघरातून. सप्टेंबरच्या भेटीत काकांनी शेगडीकडे बघायच्या आधी ओट्यावरच्या हूडकडे बोट दाखवलं. आमचा हूड हवा बाहेर फेकणारा, कारण फोडणी, पापड, सुकं खोबरं भाजणं, सगळं चालतं. पण घट्ट खिडक्यांच्या घरात हूड हवा बाहेर ओढायला लागला की ती कुठूनतरी आत यावीच लागते, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे धुराडं. मग धूर वर न जाता उलटा खोलीत, कार्बन मोनॉक्साईडसकट. त्याला वास नसतो. उपाय दोन: हवा गाळून आतच सोडणारा हूड घ्या, किंवा खिडकीला असं बटण बसवा की खिडकी उघडी असल्याशिवाय हूड सुरूच होणार नाही. आम्ही दुसरा घेतला, वायरमनसह 170 युरो. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म 30 युरो. तो मात्र कुणी सांगितला नाही तरी घ्या.

लाकडी जमिनीवर शेगडीपुढे न जळणारा पत्रा किंवा काच लागते: दाराच्या पुढे किमान 50 सेंटिमीटर, बाजूंना 30. आमचा जुना पत्रा पुढून अपुरा निघाला, नवीन 85 युरोला. घराच्या विमा कंपनीला एका ओळीची ईमेल केली, त्यांचं 'नोंद घेतली' असं उत्तर आलं, ते जपून ठेवलं आहे.

जाळ्या आल्यावर ख्रिसमसच्या सुट्टीत जोडणी. लांबी भरल्यावर घाई नाही. काही दिवस तशीच सुकू दिली. 21 जानेवारीला काका आले. धुराड्यात वरून कॅमेरा सोडला, खालचं झडप उघडून काजळी बघितली, दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघितली (निसटली तर दार घट्ट नाही), हूडचं बटण खिडकी बंद करून, उघडून तपासलं. जाळी हातात घेऊन उलटी केली आणि विचारलं, कुठून आणली? कोल्हापूर, म्हटलं. वहीत 'जाळी नवीन' एवढंच लिहिलं. फॉयरश्टेटनबेशाइड, म्हणजे धुराडं कधी कधी झाडायचं याचा आदेश, दोन आठवड्यांनी टपालानं आला: आमच्या वापराला वर्षातून दोनदा.

सही झाल्यावर त्याच संध्याकाळी पहिली आग, मूठभर ढलप्यांची. लांबीतलं पाणी हळूहळू जायला हवं, म्हणून पहिल्या काही आगी लहानच. पॉलिशचा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा. इथे आग वरून लावतात: मोठी लाकडं खाली, ढलप्या वर, काडी सगळ्यात वर. चुलीपुढे बसून फुंकणी मारलेल्या माझ्या आईला हे अजिबात पटलं नाही, पण धूर खरंच कमी होतो. लाकडातली ओल 25 टक्क्यांच्या आत असली पाहिजे असा नियमच आहे. ओल मोजायचं यंत्र आम्हाला 20 युरोला मिळालं. मोजताना ओंडका फोडून आतल्या बाजूला मोजा, बाहेरचा आकडा फसवा असतो.

सगळा खर्च, लाकूड सोडून, साधारण 1,100 युरो. नवीन शेगडी, बसवण्यासकट, यापेक्षा महाग पडली असती, पण फार नव्हे. पैसे वाचतील या हिशेबानं यात पडू नका.

आई फेब्रुवारीपर्यंत होती. बाहेर उणे सहा, आत शेगडी मस्त तापलेली, आणि आमटीला फोडणी द्यायची तर हूडसाठी खिडकी सताड उघडावी लागायची. दोन दिवस तिनं स्वेटर चढवून सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ह्या सरकारी बटणापेक्षा मी फोडणी शेगडीवरच देते," आणि खरोखरच कढलं वरच्या झाकणावर ठेवलं. मोहरी तडतडायला वेळ लागला, पण तडतडली.